लेबर डेच्या दोन्ही बाजूंनी : आरव्ही प्रवासाच्या आखणीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीहून भाड्याची आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन ग्लेशियर, यलोस्टोन, ग्रँड टीटन ही राष्ट्रीय उद्याने आणि दक्षिण युटा असा मोठा फेरा करायचा, हे आज नक्की झाले. दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी असे चौघे जाणार आहोत. मुले शिकायला बाहेर असल्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन आम्हाला नाही, आणि या सगळ्या आखणीत आमच्या हाती असलेले सर्वांत मोठे भांडवल तेच आहे. अडचण एकच, ती म्हणजे वहिनींचे गुडघे. गाडी लांब उभी करून तिथून मैलभर चालत जाणे त्यांना जमणार नाही, त्यामुळे जागा मिळण्याचा प्रश्न आमच्यासाठी केवळ गैरसोयीचा राहत नाही.

अमेरिकेतला उन्हाळी प्रवासाचा हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत धरतात, आणि त्यातही जुलै म्हणजे कळस असतो. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोनमध्ये जुलै २०२१ या एकाच महिन्यात दहा लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली होती. मात्र ही गर्दी एका फटक्यात ओसरत नाही. युटा, ॲरिझोना आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांतल्या शाळा ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरू होतात, तेव्हा पहिली ओहोटी लागते. ईशान्येकडच्या अनेक शाळा लेबर डेनंतर उघडतात, तेव्हा दुसरी. या दोन ओहोट्यांच्या मध्ये लेबर डेच्या जोडसुट्टीचा एक शेवटचा लोंढा येऊन जातो. आमचा प्रवास या तिन्ही गोष्टींभोवती बेतायचा आहे. २०२५ मध्ये लेबर डे १ सप्टेंबरला येतो.

२४ नोव्हेंबर २०२४

प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा की उलट, यावर आज बराच वेळ गेला. हवामानाच्या बाजूने उत्तर सोपे आहे: ऑगस्टच्या शेवटी दक्षिण युटातल्या झायनची दरी भट्टीसारखी तापलेली असते आणि सप्टेंबरच्या शेवटी ग्लेशियरमध्ये हिमवर्षाव होऊ शकतो, म्हणून उत्तर आधी आणि दक्षिण नंतर. डेथ व्हॅलीचा विचार तर सुरुवातीलाच सोडून दिला. फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले १३४ अंश फॅरनहाइट हे तापमान तिथलेच आहे, आणि उन्हाळ्यात तिकडे गाडी नेण्यास अनेक भाडे-करार मनाईच करतात.

दुसरा मुद्दा मात्र हवामानाइतका उघड नव्हता, आणि माझ्या मते या आखणीचा कणा तोच ठरेल. लेबर डेला गर्दी संपते, परंतु गर्दीसाठी उभ्या केलेल्या सोयीही बहुतेक ठिकाणी त्याच सुमारास संपतात. ग्लेशियरमधील मोफत शटल बस साधारण १ जुलैपासून लेबर डेपर्यंतच धावते आणि त्यानंतर तिथली कॅम्पग्राउंडे एकेक करून बंद होऊ लागतात. यलोस्टोनमध्ये मुळात शटलच नाही, जे काही पाहायचे ते स्वतःच्या वाहनाने. झायनमध्ये शटल नोव्हेंबरपर्यंत चालते आणि ते चालू असताना दरीच्या मुख्य रस्त्यावर खासगी गाड्यांना प्रवेशच नसतो. म्हणजे जिथे मुख्य डोंगरी रस्त्यावर आमच्यासारख्या लांब गाडीला बंदी आहे आणि शटलशिवाय गत्यंतर नाही, ते ग्लेशियर लेबर डेच्या अलीकडे घ्यावे लागेल, तिथली उरलीसुरली गर्दी सोसूनसुद्धा. जिथे आपलीच गाडी प्रत्येक पार्किंगमध्ये घुसवायची आहे, ते यलोस्टोन लेबर डेच्या पलीकडे. झायन कधीही चालेल, म्हणून ते थंडाव्याच्या हिशेबाने शेवटी.

“गर्दी कमी असेल तेव्हा सगळीकडे जाऊ” हे दादांचे मूळ म्हणणे होते. हा क्रम समजावून सांगितल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले, “मग लेबर डेच्या दिवशी आपण कुठे असणार?” त्याचे उत्तर अजून माझ्याकडे नाही.

१५ डिसेंबर २०२४

आज गाडीच्या लांबीचा निर्णय घेतला. आरव्हीची निवड करताना लोक आधी पलंग आणि न्हाणीघर पाहतात, पण या मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची हे तीन आकडे आधी पाहायला हवेत, कारण त्यांच्यावरच कुठले रस्ते आपले आणि कुठले नाहीत हे ठरते.

ग्लेशियरमधला गोइंग टू द सन रोड १९३३ साली खुला झाला, म्हणजे आजच्या आरव्हींचा विचार त्या वळणांना शिवलेलाच नाही. ॲव्हलांच आणि रायझिंग सन यांच्यामधल्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे, आणि लांबीत पुढचे-मागचे बंपरही मोजले जातात. झायनमधला १९३० सालचा बोगदा मैलाहून थोडा जास्त लांब आहे. तिथे ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहन मोठे मानले जाते आणि ते जाताना समोरची वाहतूक थांबवावी लागते, त्याचे १५ डॉलर वेगळे. ग्रँड टीटनमधल्या मूस-विल्सन रस्त्यावर आरव्ही आणि ट्रेलर दोन्ही वर्ज्य आहेत.

पर्याय तीन होते. २१ फुटांच्या आत बसणारी व्हॅन घेतली तर बहुतेक रस्ते मोकळे होतात, पण चार प्रौढ माणसे अनेक आठवडे तीत राहिली तर प्रवासाच्या शेवटी एकमेकांशी बोलतील की नाही याची मला शंका आहे. ३० फुटांची क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेली) गाडी ऐसपैस आहे, मात्र तिला जागा देणारे कॅम्पग्राउंड शोधताना यादी निम्म्याहून कमी होते. मध्यम पर्याय २५ फुटांचा. त्यात मागे कायमचा पलंग असल्यामुळे दादा-वहिनींना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर चढावे लागणार नाही, आणि जेवणाच्या टेबलाचा दुसरा पलंग होतो. २१ फुटांची मर्यादा क्लास सी प्रकारात तशीही जवळजवळ कोणीच पाळू शकत नाही. मग ती पाळण्याचा हट्ट सोडून शटलवर भिस्त ठेवायची आणि २५ फूट घ्यायची, असे ठरले.

मागे छोटी गाडी जोडून नेण्याची कल्पना पत्नीने मांडली होती. भाड्याच्या आरव्हीला ती जोडू देत नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

११ जानेवारी २०२५

बुकिंगचे वेळापत्रक तयार केले. प्रत्येक ठिकाणची खिडकी वेगळ्या वेळी उघडते, हे नवख्या माणसाला सर्वांत जास्त छळते. ग्लेशियर, झायन आणि ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ यांची कॅम्पग्राउंडे रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी, एकेका दिवसाने पुढे सरकत खुली होतात. यलोस्टोनमधली मॅडिसन, फिशिंग ब्रिज, कॅन्यन यांसारखी मोठी कॅम्पग्राउंडे मात्र कंत्राटदाराकडून चालवली जातात आणि त्यांचे बुकिंग वर्षभर आधीच सुरू झालेले असते. नोव्हेंबरमध्ये पाहिले तेव्हा सप्टेंबरसाठी फिशिंग ब्रिज भरलेले होते, मॅडिसनला जागा होती. ती तेव्हाच धरली. ग्रँड टीटनमधले कोल्टर बेचे आरव्ही पार्कही मिळाले आहे आणि तिथे वीज, पाणी, सांडपाणी अशी तिन्ही जोडणी आहे.

फिशिंग ब्रिजवर अजून नजर आहे. यलोस्टोनच्या हद्दीत पूर्ण हुकअप, म्हणजे या तिन्ही जोडण्या, मिळणारे ते एकमेव ठिकाण, आणि अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे टणक भिंतींच्या गाड्यांनाच राहू देतात, तंबूला नाही. रद्द झालेली बुकिंगे रोज परत येत असतात. जास्त करून ती प्रवासाच्या थोडे आधी, दंडाची मुदत लागू होण्यापूर्वी, येतात असा माझा अंदाज आहे, म्हणून ऑगस्टमध्ये रोज सकाळी पाहायचे काम माझ्याकडे.

ग्लेशियरच्या पश्चिम बाजूने सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळात गोइंग टू द सन रोडवर येणाऱ्या वाहनांना यंदाही आगाऊ नोंदणी लागणार आहे, १३ जून ते २८ सप्टेंबर. आम्हाला त्या रस्त्यावर गाडी न्यायचीच नसल्याने हा नियम आमच्या मदतीचाच आहे: शटलपुढच्या रांगेत भर घालणाऱ्या गाड्या तेवढ्या कमी.

८० डॉलरचा वार्षिक राष्ट्रीय उद्यान पास घेतला. या मार्गावरच्या मोठ्या उद्यानांचे एका गाडीचे प्रवेशशुल्क प्रत्येकी ३५ डॉलर आहे, म्हणजे तिसऱ्या फाटकावर पास फिटतो.

२३ फेब्रुवारी २०२५

काल सकाळी ८ वाजता, माउंटन वेळेनुसार, २२ ऑगस्टची खिडकी उघडली. ग्लेशियरमध्ये आपगार कॅम्पग्राउंडमध्ये मोठ्या गाड्या बसतील अशा जागा मोजक्याच आहेत. पत्नी आणि मी दोन वेगळ्या संगणकांवर, दोन वेगळ्या जागांचे क्रमांक समोर ठेवून बसलो होतो. जागेच्या नकाशावर क्लिक करत फिरण्यापेक्षा त्या त्या जागेचे पान आधीच उघडून ठेवणे केव्हाही चांगले, कारण घड्याळात आठ वाजल्यावर नकाशा रंगेपर्यंत जागा गेलेली असते. तिच्या संगणकावर जागा लागली. शुक्रवार २२ ऑगस्ट ते शुक्रवार २९ ऑगस्ट.

आपगारला वीज-पाण्याची जोडणी नाही. ग्लेशियरच्या कुठल्याच कॅम्पग्राउंडमध्ये नाही. बाहेर वेस्ट ग्लेशियरमध्ये खासगी पार्कात ती मिळाली असती, पण शटल आपगारहून सुटते, आणि वहिनींसाठी शटलचा थांबा जवळ असणे मला एअर कंडिशनरपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्याशिवाय एका दिवसासाठी लाल बसची जागा घेतली आहे. या बस १९३० च्या दशकातल्या, कापडी छप्पर गुंडाळून मागे सारता येणाऱ्या आहेत. त्या लोगन खिंडीपर्यंत, म्हणजे ६,६४६ फुटांवर, नेतात आणि वर पार्किंग शोधावे लागत नाही.

उद्यान सेवेतल्या कर्मचारी कपातीच्या बातम्या गेल्या आठवड्यापासून येत आहेत. तिचा उन्हाळ्यातल्या कॅम्पग्राउंडांवर काय परिणाम होईल याचा आज तर्क करण्यात अर्थ नाही. फक्त प्रत्येक सरकारी मुक्कामासाठी जवळचा एक खासगी पर्याय लिहून ठेवायला सुरुवात केली.

८ मार्च २०२५

दादांच्या नोव्हेंबरमधल्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले. लेबर डेच्या शनिवार-रविवारी कुठेच जायचे नाही. शुक्रवार २९ ऑगस्टच्या दुपारी एका साध्या गावातल्या पूर्ण हुकअप असलेल्या खासगी पार्कात शिरायचे आणि मंगळवार २ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत तिथून हलायचे नाही. त्या वेळात कपडे धुवायचे, टाक्या रिकाम्या करायच्या, किराणा भरायचा, आणि ज्यांना झोपायचे असेल त्यांनी झोपायचे. मोठ्या प्रवासात असा थांबा तसाही लागतोच. तो नेमका सर्वाधिक गर्दीच्या दिवसांवर टाकला की एका दगडात दोन पक्षी मरतात.

गाव निवडताना मात्र जपावे लागले. अंतराच्या दृष्टीने मोंटानातले डिलन सोयीचे वाटत होते, पण तिथे लेबर डेलाच मोठी जत्रा आणि रोडिओ भरतो, आणि गावकरी त्या जोडसुट्टीला मोंटानाचा सर्वांत मोठा वीकेंड म्हणतात. तिथे जाणे म्हणजे गर्दी चुकवण्यासाठी गर्दीतच जाऊन बसणे. त्याऐवजी हेलेना निवडले. ती राज्याची राजधानी आहे, आणि सरकारी नोकरांचे गाव सुट्टीत बाहेरच जाते. आपगारहून तिथपर्यंत दोनशे मैलांच्या थोडे पुढे, आणि तिथून यलोस्टोनच्या पश्चिम फाटकापर्यंत पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही टप्पे एका दिवसात आरामात होतील असे आहेत.

टप्प्यांबद्दलचा नियमही यानिमित्ताने ठरवला. आरव्हीवाल्यांमध्ये तीन-तीन-तीनचा नियम प्रसिद्ध आहे: दिवसाला तीनशे मैलांहून अधिक नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका ठिकाणी तीन रात्री. मला तीनशे मैल जास्त वाटतात. नकाशा दाखवतो त्या वेळेत आरव्हीसाठी पाव हिस्सा मिळवावा लागतो, शिवाय डोंगरात वेग आणखी पडतो. आम्ही अडीचशेची मर्यादा धरली. सॉल्ट लेक सिटी ते ग्लेशियर हा टप्पा त्यामुळे आयडाहो फॉल्स आणि ब्यूट येथे एकेक रात्र थांबून होईल.

३० मार्च २०२५

झायनचे वॉचमन कॅम्पग्राउंड रविवार २१ ते गुरुवार २५ सप्टेंबरसाठी मिळाले, विजेच्या जोडणीसह. तिथे जनरेटर लावायला बंदी असल्याने वीज मिळाली याचे समाधान आहे, कारण सप्टेंबरच्या शेवटीही दुपारी तिथे ऊन असते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मुद्दाम टाळल्या. लास व्हेगास जेमतेम अडीच-तीन तासांवर असल्याने झायनची गर्दी महिन्यापेक्षा वारावर अधिक अवलंबून असते.

त्यानंतर २५ ते २७ ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ. कॅन्यनला येणाऱ्या लोकांपैकी साधारण दहा टक्केच या काठावर येतात, कारण तो रस्त्याने दूर आहे आणि समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर असल्याने हिवाळ्यात बंदच असतो. गर्दी टाळू पाहणाऱ्यांसाठी हा फेऱ्यातला सर्वांत चांगला थांबा, असे माझे मत आहे. जागा मिळाली. शेवटी ब्राइस कॅन्यन.

या क्रमाने जाण्याचा एक आनुषंगिक फायदाही झाला. झायनच्या दक्षिण फाटकातून बाहेर पडून हरिकेन गावामार्गे युटा ५९ आणि ॲरिझोना ३८९ या रस्त्यांनी फ्रेडोनियाला गेले की बोगदा लागतच नाही. आमची गाडी साडेअकरा फुटांच्या आसपास उंच आणि आठ फुटांहून रुंद असणार, त्यामुळे बोगद्याची परवानगी, वेळ आणि रांग हे सगळे प्रकरण नकाशावरून पुसून टाकता आले.

टीटननंतर झायनपर्यंतचे काही दिवस जाणूनबुजून मोकळे ठेवले आहेत. धूर, बर्फ, आजारपण किंवा गाडीचा बिघाड यांपैकी जे काही उपटेल ते त्या दिवसांत जिरवता येईल. काहीच उपटले नाही तर युटा-आयडाहो सीमेवरचे बेअर लेक आहे. पाण्यात तरंगणाऱ्या चुन्याच्या सूक्ष्म कणांमुळे त्याचा रंग निळा-हिरवा दिसतो, आणि लेबर डेनंतर तिथे शुकशुकाट असतो.

१८ मे २०२५

त्याच जातीची, २५ फुटांची गाडी शनिवार-रविवारपुरती भाड्याने घेऊन चाचणी केली, हुकअप नसलेल्या ठिकाणी मुद्दाम राहून.

पहिली चाचणी शेपटीची. क्लास सी गाडीच्या मागच्या चाकांपासून मागचे टोक बरेच बाहेर, मागे गेलेले असते, त्यामुळे डावीकडे पूर्ण वळवताना मागचा उजवा कोपरा उजवीकडे फेकला जातो. रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीच्या उजव्या कुशीला समांतर खडूची रेघ मारली, दादांना मागे उभे केले आणि चाक पूर्ण वळवून हळूच पुढे घेतली. कोपरा रेघेच्या दीड फूट बाहेर गेला. पेट्रोल पंपाच्या खांबाला घासलेल्या बहुतेक आरव्हींची कहाणी या दीड फुटात आहे. दादांनी ते पाहिल्यावर स्वतःहून जाहीर केले की पंपावरून गाडी काढताना ते दर वेळी खाली उतरून मागे उभे राहतील.

दुसरी चाचणी रात्रीची. मॅडिसनला सप्टेंबरमध्ये रात्रीचे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरते. गाडीतली भट्टी प्रोपेनवर तापते खरी, पण तिचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि यलोस्टोनमध्ये जिथे जनरेटरला परवानगी आहे तिथेही तो सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालवता येतो. रात्री ८ वाजता बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. भट्टी ५८ अंश फॅरनहाइटवर ठेवून झोपलो, सकाळी काटा १२.२ वर आला होता. १२.० च्या खाली जाऊ द्यायची नाही हा नियम धरला तर एक रात्र निभावते, पण भट्टी ६८ वर ठेवली असती तर निभावली नसती. जाड रजया घ्यायच्या, हा निष्कर्ष.

पाण्याबाबत आमचा अंदाज बरोबर निघाला. ताज्या पाण्याची टाकी संपण्याआधी भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची ग्रे टाकी भरते. चार माणसांत ती पहिल्याच संध्याकाळी अर्ध्याच्या पुढे गेली. आपगार आणि मॅडिसन येथे भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची, आणि अंघोळीत अंग ओले करून पाणी बंद, साबण लावून पुन्हा चालू, असे चालवायचे.

१५ जून २०२५

यलोस्टोनच्या वेळांचा आराखडा आज झाला. सप्टेंबरमध्येही तिथले छोटे वाहनतळ सकाळी दहाच्या सुमारास भरतात आणि चार-साडेचारपर्यंत भरलेलेच राहतात. सर्वसाधारण सल्ला सकाळी लवकर जाण्याचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी बरोबरही आहे, परंतु ग्रँड प्रिझ्मॅटिक स्प्रिंग या रंगीत गरम झऱ्याला तो लागू पडत नाही. थंड सकाळी गरम पाण्यावर इतकी वाफ धरते की रंग दिसतच नाहीत, माणूस पांढऱ्या भिंतीकडे पाहून परत येतो. रंग दिसायला हवा तापलेली आणि सूर्य वर असावा लागतो, म्हणजे नेमकी गर्दीची वेळ. मधला मार्ग असा काढला: मॅडिसनहून दुपारी जेवून निघायचे, चार वाजता फेअरी फॉल्सच्या वाहनतळावर पोहोचायचे, दोघांनी तिथून वरच्या कट्ट्यावर चढून जायचे आणि दादा-वहिनींनी गाडीतच चहा घ्यायचा. गर्दी पातळ झाल्यावर साडेपाचच्या सुमारास मिडवे बेसिनला जाऊन खालच्या लाकडी वाटेवर चौघांनी फिरायचे.

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या उसळत्या कारंज्याची गर्दी तर चक्क घड्याळावर चालते. उद्रेक साधारण दीड तासाच्या अंतराने होतो आणि पुढची वेळ दहा मिनिटे मागेपुढे धरून जाहीर केलेली असते. उद्रेक संपताच वाहनतळातून गाड्यांची रांग बाहेर पडू लागते. त्या वेळी आत शिरायचे. जागा मिळते, बाके रिकामी असतात, आणि पुढच्या उद्रेकापर्यंत अप्पर बेसिनमध्ये हळूहळू फिरता येते. वहिनींसाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

लामार दरीसाठी एक पहाट राखली आहे. १९९५ मध्ये कॅनडातून आणून सोडलेल्या लांडग्यांच्या पुढच्या पिढ्या पाहायच्या तर उजाडण्यापूर्वी तिथे असावे लागते. मॅडिसनहून ते अंतर अंधारात आरव्हीने कापणे मला पसंत नाही, रस्त्यावर गवे उभे असतात. अंधारातला टप्पा निदान आखूड व्हावा म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम उत्तर फाटकाबाहेर गार्डिनरला हलवला.

टीटनहून दक्षिणेला निघताना टीटन पास घ्यायचा नाही, दहा टक्क्यांचा उतार आहे. अल्पाइनमार्गे स्नेक नदीच्या काठाने जायचे.

१४ जुलै २०२५

उत्तर काठ गेला. ४ जुलैला वीज पडून लागलेली ड्रॅगन ब्राव्हो आग आठवडाभर आटोक्यात ठेवली जात होती, ती जोरदार वाऱ्याने भडकली आणि शनिवारच्या रात्री ग्रँड कॅन्यन लॉज तिच्यात जळून खाक झाले. १९२८ सालचे हे लॉज १९३२ मध्ये एकदा जळाले होते आणि १९३७ मध्ये पुन्हा उभे राहिले होते. जलशुद्धीकरण केंद्रही जळाले असून क्लोरिन वायूची गळती झाल्याचे जाहीर झाले आहे. या हंगामापुरता उत्तर काठ पूर्ण बंद राहील. जेकब लेकजवळ व्हाइट सेज ही दुसरी आग वेगळीच चालू आहे. आमच्या दोन रात्रींचे काय, हा प्रश्न या बातमीपुढे क्षुल्लक आहे, पण नोंदवहीत तो लिहावा लागेल.

दादांनी संध्याकाळी फोन केला. त्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या व्हरांड्यात बसून कॉफी घेतली होती. त्याबद्दल ते बोलत राहिले आणि मी मध्ये काही बोललो नाही.

२७ जुलै २०२५

पर्यायांचा विचार पूर्ण झाला. दक्षिण काठ हा सरळ पर्याय दिसतो, परंतु उत्तर काठ बंद झाल्यामुळे तिकडचे बरेचसे प्रवासी दक्षिणेलाच वळतील, आणि तिथे हुकअपची जागा आता मिळणे कठीणच. फोन लावून पाहिले नाही, कारण मिळाली असती तरी मी घेतली नसती.

त्याऐवजी झायनहून थेट ब्राइसला जायचे, मार्ग तोच फ्रेडोनियाचा, फक्त तिथून कनाबमार्गे उत्तरेला वळायचे. ब्राइसच्या तारखा पुढे ओढून २५ ते २७ सप्टेंबर केल्या. त्यासाठी उद्यानाबाहेरचे खासगी पार्क मिळाले. नंतर युटा १२ ने कॅपिटल रीफ. तिथे वेळेच्या नोंदणीची भानगड नाही, आणि फ्रुटा वस्तीतल्या जुन्या मॉर्मन बागांमध्ये सप्टेंबरमध्ये सफरचंदे पिकलेली असतात. बागेत उभे राहून खाल्लेल्या फळाला पैसे नाहीत, घरी न्यायची असतील तर वजनावर. मुक्काम शेजारच्या टोरीमध्ये, पूर्ण हुकअपसह. युटा १२ चा एस्कलांटे आणि बोल्डर यांमधला टप्पा हॉगबॅक म्हणून ओळखला जातो, तिथे रस्ता डोंगराच्या अरुंद धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना कड्याशिवाय काही नसते. २५ फुटांची गाडी तिथून जाते, मात्र सकाळी आणि कोरड्या रस्त्यावरच. तिथे मी चालवणार नाही, पत्नी चालवेल. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि हे आम्हा दोघांनाही मान्य आहे.

१० ऑगस्ट २०२५

फिशिंग ब्रिजला ५ ते ८ सप्टेंबरची जागा रद्दीतून मिळाली. मॅडिसनच्या त्या रात्री सोडल्या. टाक्यांची चिंता त्यामुळे यलोस्टोनमध्ये पहिल्या काही दिवसांपुरतीच उरली.

धुराबाबत नियम लिहून चौघांना पाठवला. मुक्कामाच्या ठिकाणचा हवेचा निर्देशांक सलग दोन सकाळी १५० च्या वर राहिला तर तिथून निघायचे, बुकिंगचे पैसे बुडाले तरी. निर्देशांक एअरनाऊ या संकेतस्थळावर आणि आगीची स्थिती इन्सीवेब या संकेतस्थळावर पाहायची, ओळखीच्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांवर विश्वास ठेवायचा नाही. मोकळे दिवस टीटननंतर असले तरी गरज पडल्यास ते आधी खर्च करायला हरकत नाही, बेअर लेक आपोआप वगळले जाईल.

परतीच्या तारखेचा एक मुद्दा दादांनी लक्षात आणून दिला. संघीय सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि पुढच्या खर्चाला मंजुरी वेळेत मिळाली नाही तर १ ऑक्टोबरपासून सरकार बंद पडू शकते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात ते ३५ दिवस बंद होते. कॅपिटल रीफहून २९ सप्टेंबरला निघून ३० च्या दुपारी गाडी परत करायची आहे, म्हणजे आम्ही त्या रेषेच्या आतच आहोत. तरी कोणी “आणखी दोन दिवस वाढवू या” म्हणाले तर या नोंदीकडे बोट दाखवायचे.

उरलेली कामे: उद्यानांचे नकाशे फोनवर उतरवून ठेवणे, कारण आत बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसते, ५० अँपियरच्या खांबाला ३० अँपियरची गाडी जोडायचा ॲडॉप्टर, गाडी समतल करायच्या लाकडी फळ्या, अस्वल फवारा, जो विमानात नेता येत नसल्याने तिथे पोहोचल्यावरच घ्यायचा, आणि गाडीची उंची मोठ्या आकड्यांत लिहिलेली चिठ्ठी, चालकाच्या समोरच्या काचेला चिकटवण्यासाठी. ती २० ऑगस्टला गाडी ताब्यात घेताना स्वतः टेपने मोजून मगच लिहायची, छतावरच्या एअर कंडिशनरसकट.